खात्यात किती पैसे दाखवू?

पत्र:

ताई, मी 34 वर्षांची आहे. घरून ग्राफिक डिझाइनची कामं करते. नोकरी नाही, म्हणून पगाराची स्लिप नाही आणि रजेचं पत्रही नाही. एकटीच 14 रात्रींच्या युरोप सहलीला जायचं ठरवलं होतं. इटलीत 7 रात्री, पॅरिसला 5 आणि वाटेतल्या एका देशात 2. एजंट म्हणाला, इटलीची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, त्या तिसऱ्या देशाची मिळतेय, तिथूनच अर्ज करू. हॉटेलांची बुकिंगं आणि कव्हर लेटर त्यानेच तयार केलं. खात्यात शिल्लक कमी दिसत होती, म्हणून अर्जाच्या आठ-दहा दिवस आधी एका मैत्रिणीने मोठी रक्कम टाकली. पॅरिसला माझी मावसबहीण राहते, मी तिच्याकडेच उतरणार होते. पण एजंट म्हणाला, नातेवाईक आहे असं अजिबात लिहायचं नाही, संशय येतो. व्हिसा नाकारला. कारणांच्या कागदावर दोन खुणा आहेत: प्रवासाचा हेतू आणि तपशील पटण्याजोगे नाहीत, आणि मुदत संपण्याआधी मी परत जाईन याबद्दल शंका आहे. एकटी बाई म्हणून असं झालं का? पुन्हा अर्ज करायचा तर खात्यात किती पैसे दाखवू? की आता युरोप सोडून ब्रिटनचा व्हिसा काढू आणि हा नकार सांगूच नको? नवा एजंट ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणतोय.

— बॅग भरून बसलेली

उत्तर:

प्रिय बॅगवाली,

बॅग रिकामी करा आणि कपडे कपाटात ठेवा. निदान दोनेक महिने तरी त्यांची गरज नाही. पुढचं सगळं वाचताना वाईट वाटेल, पण तुमचं प्रकरण बिघडलेलं असलं तरी हाताबाहेर गेलेलं नाही.

‘किती पैसे दाखवू’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पत्रात येतो, आणि दर वेळी मी ‘दाखवू’ या शब्दाशीच अडखळते. व्हिसा अधिकारी तुमची श्रीमंती मोजायला बसलेला नसतो. त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. ही बाई सांगते आहे त्याच कामासाठी येते आहे का, आणि ते झालं की घरी परत जाईल का? फाइलमधला प्रत्येक कागद यांपैकी एका प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर उत्तरात गोंधळ घालतो. तुमच्या फाइलमधले कागद एकमेकांशी भांडत होते. कव्हर लेटर एक सांगत होतं, बुकिंगं दुसरं, आणि बँकेचं स्टेटमेंट तिसरंच.

आधी पैशांचंच बघू. मैत्रिणीने टाकलेली रक्कम हा तुमच्या फाइलचा सगळ्यात मोठा घोटाळा होता, आणि तो तुम्ही मदत समजून केलात. स्टेटमेंट बघणारा माणूस शेवटच्या ओळीतली शिल्लक बघून थांबत नाही. तो तीन-सहा महिन्यांचा प्रवाह बघतो: पैसे कुठून येतात, किती दिवसांनी येतात, भाडं-बिलं कधी जातात, महिनाअखेरीला काय उरतं. त्या प्रवाहात अर्जाच्या तोंडावर एकदम फुगवटा आला, तर त्याला पहिली शंका हीच येते की हे पैसे उसने आहेत. उसन्या पैशांनी आलेलं अवसानही उसनंच असतं, आणि ते कागदावर लगेच दिसतं. याहून वाईट म्हणजे तुमचे खरे, कष्टाचे पैसेही त्यामुळे संशयात सापडले.

आता आकडे सांगते, म्हणजे धसका कमी होईल. शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले, बहुतेक देश पर्यटकाकडे रोजच्या खर्चाला किमान किती पैसे हवेत ते जाहीर करतात. फ्रान्सचं उदाहरण घ्या. हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला 65 युरो. राहण्याची सोय दाखवलीच नाही तर 120. आणि कुणाच्या घरी राहणार असाल, यजमानाने आपल्या नगरपालिकेतून रीतसर प्रमाणपत्र काढून पाठवलं असेल, तर फक्त 32.50. हे आकडे बदलत असतात, अर्जाच्या दिवशी त्या-त्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासा. पण अंदाज आला ना? चौदा दिवसांसाठी कुणीही तुमच्याकडे खजिना मागत नाही. येण्याजाण्याचं तिकीट, राहणं आणि रोजचा खर्च भागून घरी परतल्यावरही तुमचं घर चालेल, एवढं स्टेटमेंटमधून दिसलं की पुरे. सहलीचा खर्च वर्षाच्या कमाईच्या मानाने समंजस वाटला पाहिजे. सहा महिन्यांत जेवढं मिळवलं तेवढं दोन आठवड्यांत उडवणारी माणसंही असतात, पण त्यांना ते समजावून सांगावं लागतं.

खात्यात खरोखरच मोठी रक्कम आली असेल, म्हणजे ठेव मुदतपूर्ण झाली, गाडी विकली, एखाद्या ग्राहकाने वर्षभराचं थकलेलं बिल एकदम चुकतं केलं, तर ती लपवू नका. तिचा कागद जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा. आणि कुणी नातेवाईक तुमचा खर्च करणार असेल तर तेही उघडपणे करा: त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, नात्याचा पुरावा. वडिलांनी लेकीच्या सहलीचे पैसे देणं यात संशयास्पद काही नाही. तेच पैसे गुपचूप तुमच्या खात्यात येऊन पडले की संशय सुरू होतो.

आता मावसबहीण. एजंटाने तुम्हाला ताकाला जाऊन भांडं लपवायला लावलं. परदेशात नातेवाईक असणं हा गुन्हा नाही. तिथे कुणी आहे म्हणून माणूस परत येणार नाही, असा हिशेब अधिकारी करू शकतो, हे खरं. पण तो तुमच्या परतीच्या कारणांशी ताडून बघतो. लपवलेलं नातं मात्र उघडं पडलं की त्याचं समर्थन करायला जागाच उरत नाही. आणि पॅरिसला पाच रात्री ज्या हॉटेलमध्ये तुम्ही राहणारच नव्हतात, त्याचं बुकिंग जोडून तुम्ही प्रवासाचा तपशील खोटा केलात. ‘तपशील पटण्याजोगे नाहीत’ ही खूण उगाच आलेली नाही. या वेळी बहिणीला सांगा, ते यजमानाचं प्रमाणपत्र काढ. त्याला वेळ लागतो, म्हणून आजच सांगा. सोबत तिच्या तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत आणि तुमचं नातं दाखवणारे कागद. मावसबहीण म्हटल्यावर दोघींच्या आयांच्या जन्मदाखल्यांपर्यंत जावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

तिसरी चूक अर्ज कुणाकडे केला याची. शेंगेनचा नियम सरळ आहे. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज; दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. तुमच्या सात रात्री इटलीत, म्हणजे अर्ज इटलीकडे. अपॉइंटमेंट कुठे लवकर मिळते हा निकषच नाही. आणि दोन रात्रींच्या देशाकडे अर्ज करायचा म्हणजे तिथे जास्त रात्री दाखवाव्या लागतात. तुमच्या एजंटाने त्या दाखवल्या असणारच. तुम्ही ते बुकिंग कधी डोळ्यांनी बघितलंत का? मला शंका आहे. अपॉइंटमेंटची खरी अडचण असते, हे मान्य. तिच्यावर उपाय म्हणजे लवकर सुरुवात करणं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो पोचायला हवा. निर्णयाला साधारण 15 दिवस धरलेले आहेत, पण अधिक चौकशी करायची ठरली तर 45 दिवसांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून पंधरा दिवसांच्या काठावर अर्ज करणाऱ्यांचा मला राग येतो. नंतर तेच माझ्याकडे रडत येतात.

एकटी बाई म्हणून नाकारला का, या प्रश्नाचं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं देऊन तुमची समजूत घालणार नाही. लग्न, मुलं, नोकरी, घर हे सगळं ‘हा माणूस परत येईल’ या बाजूने मोजलं जातं, आणि ज्याच्याकडे यांतलं काही नसतं त्याला इतर बाजू जास्त भक्कम कराव्या लागतात. हे न्याय्य आहे की नाही यावर आपण वेगळं भांडू. पण त्यासाठी खोटी नोकरी किंवा कुणाच्या तरी कंपनीचं पत्र आणायला जाऊ नका. फोन लावून खात्री करणं ही तिथली अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तुमच्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांची खरी अडचण ही की तुमचं आयुष्य भरलेलं असतं आणि कागद रिकामा. नोकरदाराचं एक पत्र जे काम करतं, ते तुम्हाला आठ कागदांनी करावं लागतं. गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं काढा. नेहमीच्या ग्राहकांशी झालेले करार काढा, नसतील तर त्यांच्याकडून एकेक पत्र घ्या: अमुक काळापासून आमचं काम करतात, सध्या अमुक काम चालू आहे, ते अमुक तारखेला द्यायचं आहे. ती तारीख तुमच्या परतीनंतरची असेल तर त्या एका ओळीला सोन्याचं मोल आहे. मग बिलं काढा आणि स्टेटमेंटच्या प्रतीवर पेन्सिलने खूण करत जा: हे बिल, ही त्याची जमा. अधिकाऱ्याला ते जुळवत बसायला वेळ नसतो, तुम्ही जुळवून द्या. मी एका छायाचित्रकार ओळखीच्या माणसाला हे करायला लावलं तेव्हा तो वैतागला होता. जुळवता जुळवता त्याला दोन न आलेली बिलं सापडली, मग वैताग गेला.

याशिवाय घर तुमच्या नावावर असेल किंवा भाडेकरार असेल तर तो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर तेही लिहायला संकोच करू नका. एखादा अभ्यासक्रम चालू असेल तर त्याची पावती. भावनिक मजकूर मात्र नको. ‘युरोप बघणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे’ हे वाक्य त्या टेबलावर रोज येत असणार.

कव्हर लेटर स्वतः लिहा. एकच पान, साधी भाषा. मी कोण, काय काम करते, कोणत्या तारखेला कुठे, कुणाकडे किंवा कोणत्या हॉटेलात, खर्च कोण करणार, कधी परत येणार आणि परत आल्यावर काय काम वाट बघतंय. त्यात मागच्या नकाराचा परिच्छेद घाला. तो असा काहीसा: ‘माझा मागचा अर्ज अमुक तारखेला अमुक कारणांनी नाकारला गेला. त्या अर्जात मी पॅरिसमध्ये मावसबहिणीकडे राहणार असल्याचा उल्लेख नव्हता आणि खात्यात एक तात्पुरती जमा होती. या वेळी यजमानाचं प्रमाणपत्र जोडलं आहे आणि स्टेटमेंटमध्ये फक्त माझ्या व्यवसायाचं उत्पन्न आहे.’ एवढंच. एजंटावर खापर फोडू नका. अर्जाखाली सही तुमची होती, आणि कायद्याच्या नजरेत तो अर्ज तुमचाच आहे.

यामुळेच दुसरा प्रश्न निकालात निघतो. नकार लपवायचा नाही. शेंगेन देशांची एक सामाईक नोंदपद्धती आहे, तिच्यात तुमचा अर्ज, बोटांचे ठसे आणि नकार सगळं पाच वर्षं राहतं. ब्रिटन त्या पद्धतीत नाही हे खरं, पण ब्रिटनच्या अर्जात थेट विचारलेलं असतं की कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही तेच विचारतात. तिथे ‘नाही’ वर खूण केलीत आणि ती खोटी निघाली, तर तो साधा नकार राहत नाही, फसवणूक होते. ब्रिटन त्यासाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतो, कॅनडा पाच, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची बंदी येते. अमेरिकेत महत्त्वाच्या गोष्टीत खोटं बोलल्याचं ठरलं तर बंदीला मुदतच नाही. याउलट, एकदा नकार मिळाला म्हणून पुढचा अर्ज आपोआप नाकारायचा नाही, हे शेंगेनच्या व्हिसा संहितेतच लिहिलेलं आहे. म्हणजे खरं सांगितलं तर नुकसान थोडं, खोटं बोलायला गेलात तर डोंगराएवढं. तुम्ही हिशेबाची माणसं, करा हिशेब.

आणि ब्रिटन हा युरोपचा सोपा पर्याय आहे असंही समजू नका. तिथेही हेच बघतात: खरोखर पर्यटक आहे का, आणि परत जाईल का. पर्यटकाला तिथे अपिलाचा रस्ताही बहुतेक नसतो. अमेरिकेबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र तेच असणार म्हणून आत्ताच सांगते. तिथला कायदा उलटा सुरू होतो. प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. कलम 214(ब) म्हणतात ते हेच. मुलाखत काही मिनिटांची. सोबत नेलेली जाड फाइल पुष्कळदा उघडलीही जात नाही, कारण अधिकारी समोरच्या पडद्यावर तुमचा डीएस-160 हा फॉर्म वाचत असतो. म्हणून तिथे फॉर्म नीट भरणं आणि विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात बोलणं, एवढ्यावरच सगळं असतं.

पासपोर्ट कोरा आहे म्हणून आधी दोन सोपे देश करून या, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. वेळेत जाऊन वेळेत परत आल्याचे शिक्के उपयोगी पडतात, यात वाद नाही. पण केवळ शिक्क्यांसाठी सहली विकत घेणं मला पटत नाही. तिथे खर्च होणारे पैसे तुमच्या स्टेटमेंटमध्ये जास्त शोभतील.

नव्या एजंटाच्या ‘शंभर टक्के गॅरंटी’बद्दल काय बोलू? निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. कागद जमा करून घेणाऱ्या व्हिसा सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीलाही तो ठरवता येत नाही, मग एजंट कुठून ठरवणार? अपॉइंटमेंट मिळवून देणं, फॉर्म तपासणं, कागद क्रमाने लावणं एवढ्या कामाचे पैसे घेणारे चांगले एजंट असतात. त्यांच्याकडे जरूर जा. गॅरंटी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, कारण ती गॅरंटी पाळायला तो कोणते कागद बनवेल ते तुम्हाला कळणारही नाही.

अपील करायचं का? शेंगेनमध्ये तो हक्क आहे, मुदत आणि पद्धत नकाराच्या कागदावरच दिलेली असते. अधिकाऱ्याने तुमचा एखादा कागद बघितलाच नाही अशी खात्री असेल तर अपील करा. तुमच्या बाबतीत त्याने बघितलं, आणि जे दिसलं त्यावरून योग्य तेच ठरवलं. राग मानू नका. तुमच्यासाठी नवा, स्वच्छ अर्ज हाच रस्ता. शेंगेनमध्ये थांबण्याची सक्ती नाही (जपानमध्ये असते, त्याच कारणासाठी सहसा सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत), पण त्या उसन्या जमेनंतरचं तीन-चार महिन्यांचं निर्मळ स्टेटमेंट तयार होऊ दे. तोवर जुन्या एजंटाकडून तुमच्या नावे दिलेल्या फाइलची पूर्ण प्रत मागून घ्या. तो टाळेल. पाठ सोडू नका. तुमच्या नावाने काय काय लिहून दिलंय हे माहीत असल्याशिवाय नवा फॉर्म भरू नका, कारण समोरच्याकडे ती प्रत आहे.

बाकी छोट्या गोष्टी भराभर. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षण पुरतं. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या, पण खरी घ्या. तुमच्या नावे हॉटेलकडे फोन केला तर त्यांना तुमचं नाव सापडलं पाहिजे. अर्जाचं शुल्क मोठ्यांना 90 युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही, हे तुम्हाला कळलंच आहे.

आणि व्हिसा हातात पडला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा. चूक असेल तर तेव्हाच सांगता येते. दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. स्टिकरवरच्या ‘पासून–पर्यंत’ तारखा म्हणजे राहायचे दिवस नव्हेत. किती दिवस राहायचं तो आकडा वेगळा छापलेला असतो, आणि तुमचा चौदा रात्रींसाठी पंधरा दिवसांचा असला तर पंधराच, तारखा पुढे दिसल्या तरी. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवरची येण्याजाण्याची नोंद संगणकाकडे जायला लागली आहे, त्यामुळे एक दिवस इकडेतिकडे चालून जाईल हा भरवसा ठेवू नका. दुसरं, किती वेळा प्रवेश ते बघा. तिथे 01 असेल आणि मावसबहीण म्हणाली, चल ट्रेनने एक दिवस लंडन करून येऊ, तर ब्रिटनचा व्हिसा तुमच्याकडे असला तरी ‘नाही’ म्हणा. पॅरिसला परत येता येणार नाही, आणि तुमची बॅग तिच्या घरी असेल.